महाविद्यालयीन कबड्डी संघातून खेळाडूला काढावे लागले तर ते कसे करावे?

प्रश्न – क्रीडासंचालक_मराठवाडा

नमस्कार. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण संचालक आहे आणि मुलांच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षणही माझ्याकडेच असते. विभागीय आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलेली असताना एका खेळाडूबाबत निर्णय घेण्याची वेळ माझ्यावर आली आहे. तो निर्णय काय असावा यापेक्षाही तो अमलात कसा आणावा, याबद्दल मला जाणकारांचे मत हवे आहे.

हा मुलगा बी. ए. तृतीय वर्षाला असून आमचा पहिला चढाईपटू आहे. घरची शेती कोरडवाहू, वडील ऊसतोडीला जातात, आणि खेळामुळेच त्याला वसतिगृहाच्या शुल्कात सवलत मिळाली आहे. गेल्या महिन्यात ताप आल्याचे सांगून तो सरावाला आला नाही. त्याच रात्री शेजारच्या तालुक्यातील एका निमंत्रित स्पर्धेचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर चालू होते, आणि त्यात तो एका मंडळाच्या जर्सीत चढाया करताना संघातील सगळ्यांनी पाहिला. मी त्याला समज दिली, त्याने मान खाली घालून ऐकून घेतले, आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच केले. या वेळी कारण आजीच्या आजारपणाचे होते.

यात आता आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. प्रथम वर्षाच्या एका खेळाडूने त्याची किट बॅग वसतिगृहापर्यंत वाहून नेण्यास नकार दिला म्हणून त्याने त्या मुलाच्या कानाखाली मारली. मुलाने मला हे एकट्याला गाठून सांगितले, पण लेखी तक्रार करायला तो तयार नाही. संघात राहायचे असेल तर गप्प बसावे लागते, असे त्याला कोणीतरी समजावलेले दिसते.

प्राचार्य म्हणतात की संघ तुमचा आहे, तुम्हीच ठरवा. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा मात्र, हे वर्ष त्याला सांभाळून घ्या, असा निरोप आला आहे. त्याला संघात ठेवले तर उरलेल्या अकरा मुलांना मी कोणत्या तोंडाने शिस्त सांगणार, हा प्रश्न आहे. आणि काढले तर तो वसतिगृह सोडेल, परीक्षेला बसणार नाही आणि कायमचा ऊसतोडीच्या टोळीत जाईल, ही भीती आहे. त्याला काढण्याचा अधिकार मला एकट्याला आहे का? त्याला ते कसे सांगावे, आणि संघाला काय सांगावे?

उत्तर १ – निवृत्त_प्रशिक्षक_सांगली

आपण प्रश्न मांडताना मुलाच्या घरची परिस्थिती आधी सांगितलीत आणि त्याचे अपराध नंतर, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण या कामात बहुतेक प्रशिक्षकांचा क्रम उलटा असतो. मी माझ्या अनुभवातून काही गोष्टी सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी, आपल्यासमोर एक प्रकरण नसून दोन आहेत, आणि त्यांची मोळी बांधू नये. सराव चुकवून दुसऱ्या मंडळाकडून खेळणे आणि त्यासाठी खोटे बोलणे हा संघशिस्तीचा विषय आहे. लहान मुलाला मारणे हा संघाचा विषयच नाही. तो महाविद्यालयाचा विषय आहे आणि त्यावर प्रशिक्षकाने मैदानावर परस्पर निवाडा करणे चुकीचे ठरेल. दोन्ही एकत्र करून ‘तुझे फार झाले, उद्यापासून येऊ नकोस’ असे म्हटले की मुलाला नेमकी कशाची शिक्षा झाली हे कधीच कळत नाही. गावात तो सांगतो की सरांनी आकसाने काढले, आणि मार खाल्लेला मुलगाही आपल्यामुळे संघ हरला या ओझ्याखाली राहतो.

आता संघशिस्तीबद्दल. निमंत्रित स्पर्धांचे अर्थकारण आपल्याला ठाऊक आहेच. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून गावोगावच्या स्पर्धा मॅटवर आणि प्रकाशझोतात होऊ लागल्या, बक्षिसाच्या रकमा वाढल्या, आणि चांगल्या चढाईपटूला एका रात्रीचे मानधन मिळू लागले. ज्या घरातून हा मुलगा येतो त्या घरात ती रक्कम लहान नसते. म्हणून पैशासाठी खेळला हा त्याचा गुन्हा मानू नका. खोटे बोलला आणि समज दिल्यावरही बोलला, हा मुद्दा धरा. माझ्या संघात मी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगत असे की, ज्याला बाहेर खेळायचे असेल त्याने तारीख आधी कळवावी. आपल्या सामन्याच्या आधीचे चार दिवस सोडून मी बहुधा हरकत घेणार नाही. परवानगीची वाट मोकळी असली की खोटे बोलण्याचे कारण उरत नाही, आणि तरीही कोणी खोटे बोलला तर निर्णय घेताना मनात किंतू राहत नाही.

असा नियम आपण वर्षाच्या सुरुवातीला लेखी दिला होता का, याचा आपल्या प्रश्नात उल्लेख नाही. दिला नसेल तर थेट वर्षभरासाठी काढणे मला जड वाटते. आधी त्याला या विभागीय स्पर्धेपुरते संघाबाहेर ठेवा, कारण आणि मुदत लेखी द्या, आणि परत यायचे असेल तर त्याने काय करायचे तेही त्याच कागदावर लिहा. नियम लेखी दिला असेल, त्यावर त्याची सही असेल आणि दोनदा मोडला असेल, तर हंगामाच्या अखेरपर्यंत काढण्यात मला काही गैर दिसत नाही. विभागीय स्पर्धा हरलो तरी चालेल, ही तयारी मात्र आपण आधी स्वतःशी आणि मग प्राचार्यांशी बोलून ठेवावी. ती नसेल तर उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री आपणच त्याला फोन कराल, आणि त्या फोननंतर आपल्या संघात नियम नावाची गोष्ट उरणार नाही.

सांगण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत ठाम आहे. मैदानावर सांगू नका, सामन्याच्या दिवशी सांगू नका, फोनवर किंवा निरोप्याकरवी तर मुळीच सांगू नका. दिवसा, जिमखान्याच्या कार्यालयात, दार उघडे ठेवून, एका सहकारी प्राध्यापकाच्या उपस्थितीत त्याला समोर बसवा. निर्णय सांगण्याच्या आधी त्याला विचारा आणि त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्या. ही मुले आधी गप्प बसतात, मग एकदम बोलतात, आणि त्या एकदम बोलण्यातच खरी गोष्ट असते. तो जे सांगेल त्यामुळे आपले मत बदलण्याची थोडीशी तरी शक्यता आपल्या मनात असली पाहिजे, नाहीतर ती भेट केवळ सोपस्कार होते. त्या दिवशी फक्त ऐका, आणि निर्णय दुसऱ्या दिवशी सांगा.

एक दृश्य मी अनेक मैदानांवर पाहिले आहे. काढलेल्या खेळाडूला सगळ्यांसमोर ट्रॅकसूट उतरवायला लावतात. मुलगा थंडीत बनियनवर उभा राहतो आणि ट्रॅकसूटची घडी घालून कर्णधाराच्या हातात देतो. हे कृपया करू नका. महाविद्यालयाचा गणवेश परत घ्यायचा असेल तर नोंदवहीत सही घेऊन जिमखान्याच्या शिपायाकडे जमा करून घ्यावा. आणि वापरलेला ट्रॅकसूट त्याच्याकडेच राहिला तरी महाविद्यालय बुडत नाही.

संघाला दोनच वाक्ये सांगा: तो या स्पर्धेत आपल्याबरोबर नसेल, आणि त्याच्याबद्दल कोणाला काही बोलायचे असेल तर ते माझ्याशी बोलावे. कारण सांगू नका. त्यांना कारण माहीतच असते. ते आपल्या तोंडून ऐकण्याने त्यांच्या माहितीत भर पडत नाही, त्या मुलाची परत येण्याची वाट मात्र अरुंद होते. पदाधिकाऱ्यांच्या निरोपाला ‘आपण प्राचार्यांशी बोलावे’ एवढेच नम्र उत्तर पुरेसे आहे.

उत्तर २ – अधिवक्ता_संभाजीनगर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यातील ज्या भागावर त्यांनी थोडक्यात लिहिले, म्हणजे प्रथम वर्षाच्या मुलाला झालेली मारहाण, त्यावर मला विस्ताराने लिहायचे आहे, कारण आपली सर्वांत मोठी जबाबदारी तिथे आहे आणि आपल्या प्रश्नात ती शेवटी आली आहे.

रॅगिंगला मनाई करणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९९९ पासून अस्तित्वात आहे. त्यातील व्याख्या बरीच व्यापक आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती वाटेल किंवा लाज वाटेल असे कोणतेही कृत्य तीत येते, आणि जे काम विद्यार्थी एरवी आपखुशीने करणार नाही ते त्याला करायला सांगणेही येते. किट बॅग वाहायला लावणे आणि नकार दिल्यावर मारणे हे या व्याख्येच्या बाहेर आहे असे म्हणणे मला तरी शक्य वाटत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते व पुढील पाच वर्षे त्याला दुसऱ्या कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश मिळत नाही.

मुलगा लेखी तक्रार द्यायला तयार नाही, म्हणून आपले हात बांधलेले आहेत असे आपल्याला वाटत असावे. तसे नाही. या कायद्यानुसार लेखी तक्रार विद्यार्थी देऊ शकतो, त्याचे पालक देऊ शकतात आणि शिक्षकही देऊ शकतो. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते, आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची असते. तथ्य आढळले नाही तर तसे तक्रारदाराला लेखी कळवायचे असते. संस्थाप्रमुखाने याकडे दुर्लक्ष केले तर त्याने त्या कृत्याला चिथावणी दिली असे कायदा मानतो. म्हणूनच ‘संघ तुमचा, तुम्हीच ठरवा’ हे प्राचार्यांचे उत्तर मारहाणीच्या बाबतीत त्यांना स्वतःलाच अडचणीत आणणारे आहे. त्याखेरीज विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम आपल्या महाविद्यालयाला लागू आहेतच, आणि त्यानुसार रॅगिंगविरोधी समितीही आपल्याकडे असायला हवी.

आपण प्राचार्यांना एक छोटे, दिनांकित पत्र द्यावे आणि त्याची आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पत्रात मुलाने सांगितलेली हकीकत तशीच लिहावी, विशेषणे टाळावीत, स्वतःचा निष्कर्ष लिहू नये. त्या मुलाला आधी विश्वासात घ्या. ‘तू तक्रार केली नाहीस, मी केली आहे’ हे त्याला सांगता येणे हा त्याच्यासाठी मोठा आधार असतो. वसतिगृहात त्याची खोली बदलायची असेल तर ती त्याला विचारून बदला. मात्र खोली सोडण्याची पाळी शक्यतो मारणाऱ्यावर यावी, मार खाणाऱ्यावर नव्हे.

आता अधिकाराचा प्रश्न. कोणाला खेळवायचे ही निवड आहे, आणि ती प्रशिक्षकाच्या विवेकाची बाब आहे. चढाईत कमी पडतो, सराव पुरेसा नाही, म्हणून बारा जणांत घेतले नाही, यावर कोणी दाद मागितली तरी फारसे काही हाती लागणार नाही. परंतु गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढले की ती शिक्षा होते, आणि शिक्षेआधी बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक ठरते. १९६२ मध्ये उत्तर प्रदेशातील परीक्षा मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकून न घेता त्यांचे निकाल रद्द करणे चुकीचे आहे, असे ठरवले. पुढे अशा प्रकरणांत हेच सूत्र वारंवार वापरले गेले आहे. काही प्रशिक्षक शिक्षा करायची असते तेव्हा ती निवडीच्या नावाखाली करतात, म्हणजे यादीतून नाव गाळून मोकळे होतात. तो मार्ग सोपा वाटतो, पण मुलाला आपण अपात्र आहोत की दोषी आहोत हेच कळत नाही, आणि उद्या कोणी विचारले तर आपल्या हातात कागद नसतो.

निर्णय मान्य नसेल तर त्या मुलालाही दाद मागण्याची जागा आहे. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्या निर्णयावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. आपल्या पत्रात ही माहिती एका ओळीत लिहा. ज्याच्याविरुद्ध निर्णय दिला त्यालाच दाद कुठे मागायची ते सांगणे काहींना विचित्र वाटते, पण त्याने निर्णयाचे वजन वाढते.

उत्तर ३ – डेन्व्हरकर

मी मूळचा कोल्हापूरचा, अनेक वर्षे अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतो. इथल्या महाविद्यालयीन खेळाचे स्वरूप आपल्यापेक्षा फार वेगळे आहे, प्रशिक्षकाची सत्ता खूप मोठी आहे, आणि म्हणूनच ती सत्ता कशी वापरली गेली याच्या नोंदी इथे नीट राहिल्या आहेत. त्यांतील तीन प्रसंग आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतात असे मला वाटते.

पहिला माझ्या घरापासून गाडीने दोन-अडीच तासांवर असलेल्या लॅरमी गावचा, म्हणजे वायोमिंग विद्यापीठाचा. ऑक्टोबर १९६९. अमेरिकन फुटबॉलचे (हातात चेंडू घेऊन खेळतात त्या फुटबॉलचे) प्रशिक्षक लॉइड ईटन यांचा संघ त्या हंगामात चारपैकी चार सामने जिंकलेला होता. पुढचा सामना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी होता. ते विद्यापीठ चालवणाऱ्या मॉर्मन चर्चमध्ये त्या काळी कृष्णवर्णीयांना धर्मगुरुपद मिळत नसे, आणि त्याचा निषेध म्हणून सामन्यात दंडावर काळी फीत बांधता येईल का, हे विचारायला संघातील चौदा कृष्णवर्णीय खेळाडू १७ ऑक्टोबरच्या सकाळी फीत बांधूनच प्रशिक्षकांकडे गेले. खेळाडूंनी निदर्शनांत भाग घ्यायचा नाही, असा ईटन यांचा नियम होता. त्यांनी त्या चौदा जणांना क्रीडागृहातील बाकांवर नेऊन बसवले आणि त्यांचे म्हणणे ऐकून न घेता काही मिनिटांत सर्वांना संघातून काढून टाकले. विद्यापीठाचे विश्वस्त आणि राज्याचे गव्हर्नर यांनी रात्री उशिरापर्यंत बैठक घेतली आणि निर्णय कायम ठेवला.

दुसऱ्या दिवशी संघ ४०-७ असा जिंकला, त्याच्या पुढचाही सामना जिंकला, आणि प्रशिक्षकांचे बरोबर होते असे पुष्कळांना वाटले असेल. नंतरचे चारही सामने संघ हरला. १९७० च्या हंगामात दहापैकी एकच सामना जिंकता आला आणि ईटन यांना प्रशिक्षकपद सोडावे लागले. खेळाडू न्यायालयात गेले, पण तिथे त्यांना यश मिळाले नाही. विद्यापीठाने त्यांची औपचारिक माफी मागितली ती २०१९ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. आपल्या खेळाडूचा अपराध आणि त्या चौदा जणांची मागणी यांची बरोबरी मी मुळीच करत नाही. त्या चौदांचा माझ्या मते अपराधच नव्हता. पण तुमच्या अधिकारात असलेला निर्णय ऐकून न घेता आणि रागाच्या भरात घेतला की तो अधिकारात असूनही टिकत नाही, हे त्या बाकांवर घडलेल्या प्रसंगाइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसले नाही.

दुसरा प्रसंग अलाबामा विद्यापीठाचा, १९६३ चा. प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चढाई सुरू होते असा खेळाडू, जो नामथ याने मद्यपानाबाबतचा संघाचा नियम मोडला. ब्रायंट यांनी त्याला समोर बोलावून विचारले आणि त्याने खरे ते सांगितले. हंगामाचे शेवटचे दोन सामने उरले होते आणि त्यांत शुगर बोल हा प्रतिष्ठेचा सामना होता. ब्रायंट यांनी त्याला दोन्ही सामन्यांसाठी निलंबित केले. शुगर बोल त्याच्याशिवाय खेळला गेला आणि अलाबामा १२-७ असा जिंकला. संघाचे सगळे गुण चार फील्ड गोलांतून, म्हणजे चेंडू खांबांमधून लाथाडून मिळणाऱ्या तीन-तीन गुणांतून आले, म्हणजे मुख्य खेळाडूची उणीव गुणफलकावर दिसत होती. नामथ पुढच्या हंगामात परतला, त्या वर्षी अलाबामा राष्ट्रीय विजेता ठरला, आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याचे नाव झाले. या शिक्षेला मुदत होती आणि ती सोसल्यावर जागा शिल्लक होती, म्हणूनच पुढचे सगळे घडू शकले.

तिसरा प्रसंग मला आपल्या प्रकरणाच्या सर्वांत जवळचा वाटतो. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा टायरन मॅथ्यू हा २०११ मध्ये देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या बहुमानासाठी अंतिम निवडीपर्यंत पोहोचलेला बचावपटू होता. त्याच हंगामात नियमभंगासाठी त्याला एका सामन्यातून वगळले गेले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये, हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, प्रशिक्षक लेस माइल्स यांनी त्याला संघातून कायमचे काढल्याचे जाहीर केले. पत्रकारांनी खोदून विचारूनही त्यांनी नियमभंगाचा तपशील सांगितला नाही, आणि मुलाला सावरायला आपण मदत करू असेही सांगितले. मॅथ्यूने काही काळ व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, त्याच विद्यापीठात पुन्हा प्रवेश घेतला, त्यानंतर तो पुन्हा अडचणीत आला, आणि तरीही २०१३ मध्ये व्यावसायिक संघाने खेळाडू निवडीच्या तिसऱ्या फेरीत का होईना त्याला घेतले. पुढे तो कॅन्सस सिटीच्या सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना) विजेत्या संघात खेळला. संघाचे दार बंद झाले तरी वर्गाचे दार उघडे राहिले, हे त्यातले मला महत्त्वाचे वाटते, आणि ते आपल्याही हातात आहे. त्या मुलाची वसतिगृहातील सवलत खेळाशी जोडलेली असेल, तर संघातून काढताच ती आपोआप जाईल का, हे आजच तपासा. जाणार असेल तर किमान परीक्षेपर्यंत ती दुसऱ्या एखाद्या शीर्षाखाली चालू ठेवण्यासाठी प्राचार्यांकडे शब्द टाका. अमेरिकेतील विद्यापीठ संघांच्या पाच मोठ्या परिषदांनीही (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांनीही), केवळ खेळात कमी पडला म्हणून शिष्यवृत्ती काढून घेऊ नये, हा ठराव २०१५ मध्ये केला. तोपर्यंत तिथेही खेळ सुटला की शिक्षण सुटण्याची भीती होतीच.

प्रश्नकर्ता – क्रीडासंचालक_मराठवाडा

सर्वांचे मनापासून आभार. अधिवक्ता महोदयांनी सांगितल्याप्रमाणे मी काल प्राचार्यांना लेखी पत्र दिले आणि पोच घेतली. शिक्षकही तक्रार देऊ शकतो ही तरतूद त्यांना दाखवल्यावर त्यांनी लगेच समितीची बैठक लावली. प्रथम वर्षाच्या मुलाचे वडील येऊन गेले. मुलगा सरावाला येतो आहे.

चढाईपटूशी मी एका सहकाऱ्याच्या उपस्थितीत बोललो. तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने सांगितले की ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी तो मंडळांकडून खेळत होता. बाहेर खेळण्याबाबतचा नियम मी फक्त तोंडी सांगितला होता, म्हणून त्याला तूर्त या विभागीय स्पर्धेपुरते संघाबाहेर ठेवले असून तसे पत्र दिले आहे. मारहाणीबाबत समिती जे ठरवेल ते वेगळे असेल, हेही त्याला स्पष्ट सांगितले आहे. वसतिगृहाच्या सवलतीचा प्रश्न प्राचार्यांपुढे ठेवला आहे.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर मुले त्याच्याबद्दल बरेवाईट लिहू लागली आहेत. त्याला गटातून काढावे का? आणि या काळात त्याने मैदानावर यावे की येऊ नये?

उत्तर ४ – माजी_कोपरारक्षक

मी स्वतः महाविद्यालयीन संघातून काढला गेलेला खेळाडू आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

आमच्या संघाची यादी जिमखान्याबाहेरच्या फलकावर लागली तेव्हा तीत माझे नाव नव्हते. आदल्या संध्याकाळपर्यंत मी डाव्या कोपऱ्यावर सराव करत होतो. सरांनी काही सांगितले नाही, मी विचारायला गेलो तर ते बैठकीत होते, आणि मग मी पुन्हा गेलोच नाही. माझ्याकडून शिस्तीचा भंग झाला होता का, हे मला आजही माहीत नाही. कर्णधाराशी माझे पटत नव्हते, कदाचित तेवढेच कारण असेल. मला सर्वांत जड गेली ती त्यानंतरची संध्याकाळ. रोज ज्या वेळी मी मैदानावर असायचो त्या वेळी आता कुठे जायचे, हे कळत नव्हते. मित्र सगळे संघातलेच होते, तेही माझ्याशी काय बोलावे या अडचणीत पडले आणि हळूहळू टाळू लागले. अभ्यास त्या काळात सुटला. काही महिन्यांनी एका प्राध्यापिकांनी वर्गात का येत नाहीस म्हणून विचारले, तेव्हा तो पुन्हा हाती घेतला.

म्हणून माझी विनंती आहे की समितीची हरकत नसेल तर त्या मुलाला मैदान बंद करू नका. सराव सामन्यात घेऊ नका, पण सकाळचे धावणे आणि व्यायाम त्याला संघाच्या वेळेव्यतिरिक्त करू द्या. मारहाणीची चौकशी चालू असेपर्यंत तो लहान मुलगा आणि हा एकाच वेळी मैदानावर नसावेत, हे मात्र कटाक्षाने पाळा. आठवड्यातून एकदा त्याने आपल्याला भेटावे असे ठरवून द्या, आणि त्या भेटीत कबड्डीखेरीज बोला: हजेरी किती झाली, अंतर्गत परीक्षा कधी आहे, मुकादमाची उचल किती राहिली. उचलीचा विषय मला गंभीर वाटतो. समाजकार्य विभाग किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे कोणी प्राध्यापक आपल्याकडे असतील तर त्यांना सोबत घ्या. एकट्या प्रशिक्षकाने तो सोडवावा अशी अपेक्षा कोणी करू नये.

उत्तर ५ – निवृत्त_प्रशिक्षक_सांगली

आपण मुदत ठरवून पत्र दिलेत हे योग्य झाले.

व्हॉट्सअॅप गटातून त्याला काढू नका. ‘अमुक यांना गटातून काढले’ अशी ओळ सर्वांच्या पडद्यावर उमटते आणि ती कायमची राहते. त्याऐवजी हा गट स्पर्धा संपेपर्यंत फक्त आपल्यालाच संदेश टाकता येतील असा करा आणि स्पर्धेसाठी निवडलेल्या बारा जणांचा वेगळा गट तयार करा. ज्या मुलांनी त्याच्याबद्दल लिहिले आहे त्यांना एकेकट्याने बोलावून ते पुसायला सांगा. कर्णधाराला मात्र आधी बोलवा, कारण बाकीचे त्याच्याकडे पाहून लिहीत असतात.

आणखी एक गोष्ट, जी अशा वेळी बहुतेकांकडून राहून जाते. या मुलाने मागील दोन वर्षांत विद्यापीठाकडून किंवा आंतर-विभागीय स्पर्धेत जे सामने खेळले असतील, त्यांची प्रमाणपत्रे आपल्या कपाटात असतील तर ती आत्ताच त्याला द्या. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून होते, आणि त्या वेळी मूळ कागद लागतो. कोणती स्पर्धा त्यात पात्र ठरते हे त्याला तिथूनच कळेल. पण शिस्तीचा वाद चालू आहे म्हणून आधीच कमावलेला कागद अडवून धरण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही, आणि काही ठिकाणी तो सर्रास अडवला जातो. देताना प्रमाणपत्रांची यादी करा, त्यावर त्याची सही घ्या, आणि एक प्रत जिमखान्याच्या फायलीत लावा.